टेपेंत आहे, पाहून घ्या

राघोत्तमरावांनी तिसरा व्हीसीआर ऑटोतून उतरवला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे नारायणस्वामी दारातच उभे होते. "काय सार, दुकान घालताय की काय?" त्यांनी तमिळमधून विचारलं. राघोत्तमराव हसले नाहीत. बायको हरिप्रिया गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून त्यांना कुणाच्याच थट्टेचं हसू येत नव्हतं.

आता बघा, साल दोन हजार सात. लोक व्हीसीआर भंगारात टाकत होते, आणि हे गृहस्थ मद्रासचे जुन्या सामानाचे बाजार, रिची स्ट्रीट नि मूर मार्केट, पालथे घालून तेच भंगार घरी आणत होते. पहिल्यावर नुसत्या मुंग्या दिसायच्या. दुसऱ्यानं चाचणीसाठी घातलेली भजनांची टेप कचाकचा चावली. नशीब, लग्नाची टेप आधी घातली नव्हती!

"अप्पा, दुकानात द्या ना. डिस्क करून देतात," मुलगा कौशिक म्हणाला. तो सिरुसेरीला कॉम्प्युटर कंपनीत होता, त्याला सगळंच सोपं वाटायचं.

"दुकानात? तुझ्या आईचा आवाज माझ्याआधी परक्यानं ऐकायचा?" राघोत्तमराव असे तडकले की पोरगं घरीच डिस्क करायचं यंत्र जोडून देऊन निघून गेलं.

त्या टेपेत काय होतं? एक उखाणा. फक्त एक उखाणा!

राघोत्तमराव मूळचे सोलापूरचे, रेल्वेच्या नोकरीनं मद्रासला आलेले. हरिप्रिया तंजावरची, तिथल्या जुन्या मराठी घरातली. तिचं मराठी ऐकलं की सोलापूरकर आधी बुचकळ्यात पडत आणि मग खुदकन हसत. तिच्या घरात उखाण्याची रीत नव्हती, पण सासूबाईंनी लग्न ठरतानाच बजावलं होतं, "नाव घेतल्याशिवाय आमची सून उंबरा ओलांडत नाही हो!" पोरीनं मनावर घेतलं. कुणाचा उसना नको म्हणून महिनाभर खपून स्वतःचा रचला आणि तंजावरच्या मांडवात, भर माणसांत, खणखणीत घेतला. अख्खा मांडव हसला, टाळ्या पडल्या.

आणि नवरदेव? नवरदेवाच्या कानाशी तेव्हा मामा लागले होते. "अरे राघू, पंगतीत जिलबी नाही रे, नुसतं रसम ओतताहेत!" झालं. सगळ्या गावानं ऐकलं, आणि ज्याचं नाव घेतलं त्यालाच ऐकू आलं नाही. हाय रे कर्मा!

संध्याकाळी त्यांनी भीत भीत विचारलं, "काय होता गं उखाणा?" तिचे डोळे भरून आले. "ऐकलां नाहींत? टेपेंत आहे, पाहून घ्या."

पुढे राग गेला, पण ते वाक्य मात्र घरात राहिलं. कुणाच्या लग्नाहून आले की ती म्हणायची, "आमचाही आहे, टेपेंत." आणि जरा थांबून त्यांच्याकडे बघायची. हे म्हणायचे, "हो हो, बघू एकदा. टेप कुठे पळून जातेय?" घरात व्हीसीआर कधी आला नाही. आधी फ्रिज आला, मग कौशिकची कॉलेजं आली, आणि टेप कपाटात डांबराच्या गोळ्यांत पडून राहिली. टेप पळून गेली नाही. हरिप्रियाच गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. सोलापूरची नि तंजावरची जुनी माणसं तर केव्हाच गेली होती. आता तो उखाणा सांगणारं कुणी नव्हतं.

वर्षश्राद्धासाठी मेव्हणी सुंदरी तंजावरहून आली होती. दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी लावत असताना राघोत्तमरावांनी देवाचं नाव घेऊन टेप आत सरकवली. आणि काय सांगावं, चित्र आलं! मांडव, केळीचे खुंट, आणि मुंडावळ्या सावरत उभी राहिलेली हरिप्रिया. राघोत्तमराव पाट ओढून टीव्हीला जवळजवळ नाक लावून बसले. तिनं मान वर केली, तोंड उघडलं.

आणि गाणं सुरू झालं. तमिळ सिनेमातलं, धबाधबा वाजणारं प्रेमगीत.

त्यांनी आवाज वाढवला, तर गाणंच वाढलं. टेप मागे घेतली, पुन्हा गाणं. "हेही मशीन फुकटचंच!" म्हणत त्यांनी व्हीसीआरवर थाड्कन हात मारला.

आवाजानं सुंदरी हात पुसत बाहेर आली. "भावजी, मशीन बरें आहे," ती हळूच म्हणाली. "विडिओवाल्यानंच सगळ्या लग्नावर सिनेमाचीं गाणीं घातलीं. तेव्हां तशीच पद्धत होती. गलका ऐकून काय करायचें, म्हणाला."

"तुला कसं ठाऊक?"

"लग्नानंतर आषाढांत, आडी महिन्यांत, अक्का माहेरीं आली ना, तेव्हां डेक भाड्यानं आणून पाहिलों. अय्यो, किती रडली ती!" सुंदरीनं पदर डोळ्यांना लावला. "मग आपणच म्हणाली, 'त्यांस सांगूं नको हं. टेपेंत आहे असेंच म्हणत राहीन. एक दिवस कंटाळून म्हणतील, टेप राहूं दे, तूंच सांग. तेव्हां सांगेन.'"

राघोत्तमराव सुंदरीकडे वळले. इतकी वर्षं ती थांबून बघायची, ते ह्याच्यासाठी. "तुला तरी येतो का तो?"

"मी लहान, दारांत चंदन-खडीसाखर देत उभी होतें. मला कुठला?"

त्यांनी आवाज पूर्ण बंद केला आणि टेप मागे घेतली. हरिप्रियाचे ओठ हलू लागले. काही म्हणता काही उमगेना. शेवटी मात्र ओठ गोल झाले, उघडले आणि अलगद मिटले. राघोत्तम. तेवढं त्यांना कळलं. नाव घेऊन ती हसली आणि वळून नवऱ्याकडे बघू लागली. नवरा मान दुसरीकडे करून मामांचं ऐकत होता.

पडद्यावर ती अजून बघतच होती. राघोत्तमरावांनी काचेला हात लावला.

"टेप राहू दे गं," ते म्हणाले. "तूच सांग."