डोलकाठीवरची फुलं

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरच्या एका बंधाऱ्यावरून एर्लंड फ्लेट दर रविवारी समुद्रात बुडी मारायला उतरायचा. बायको मेरन गाडीत बसून वाट बघायची. अशी कित्येक वर्षं गेली. मग हिवाळ्यात त्याच्या छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी बुडी मारायला कायमची बंदी घातली. एर्लंड घरात नुसता येरझाऱ्या घालू लागला. मेरनने काही दिवस ते पाहिलं आणि साठीला टेकलेली असताना स्वतःच बुडी मारणाऱ्यांच्या क्लबात जाऊन शिकू लागली.

मे महिन्यात ती पहिल्यांदा बुडालेल्या जहाजाकडे निघाली. युद्धात शत्रूच्या पाणबुड्यांची वाट अडवायला मुद्दाम बुडवलेलं ते जहाज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. सोबत क्लबातली थोरा होती.

"काचेवर वाफ धरू नये म्हणून मास्कमध्ये थुंकलीस का? आणि थेट बॉयलरकडे जा. तिथे माझा ईल मासा राहतो," एर्लंड म्हणाला.

"तुझा? त्याला ठाऊक आहे का?"

"काका, तुम्ही गाडीत बसा बरं," थोरा हसली. "काकूंना आणते मी परत."

पाणी इतकं गार, की मेरनच्या दातांतून कळ गेली. शेवाळाची लांब पानं बाजूला सारत दोघी खाली गेल्या. आडवी पडलेली डोलकाठी दिसली आणि मेरन थबकली. डोलकाठीभर फुलांसारखे मऊ, पांढरे जीव दाटीवाटीने बसले होते. लाट आली की सगळे एकदम कलायचे. थोराने बॉयलरकडे बोट दाखवलं. मेरनने नकारार्थी मान हलवली. टाकीतली हवा कमी होईपर्यंत ती तिथेच राहिली.

वर आली तर एर्लंड गुडघाभर पाण्यात उभा.

"ईल होता?"

"बॉयलरकडे गेलेच नाही मी."

"मग एवढा वेळ केलंस काय?"

थंडीने जड झालेल्या ओठांनी तिने डोलकाठीवरच्या फुलांचं सांगितलं. त्या डोलकाठीवरून तो शेकडो वेळा गेला होता, पण कधी थांबला नव्हता.

"केवढी असतात गं?"

"वीतभर. एखादं केशरीसुद्धा."

तिचे हातमोजे काढून तो तिची बोटं चोळू लागला.

"तू दिसेनाशी झालीस तेव्हा आधी राग आला. मग भीती वाटली. इतकी वर्षं तू कसं सहन केलंस हे?"

"तुला शिव्या घालून," मेरन म्हणाली. "गाडीच्या काचा वर करून, मोठ्यांदा."

थोरा पाठमोरी होऊन हसू लागली. एर्लंडने गाडीचं दार उघडलं, मेरनला बसवलं आणि चहा ओतता ओतता पुन्हा विचारलं, "केशरी कुठल्या टोकाला होतं?"