उत्तराचे दोन ठोके

एरिबेर्तोने ट्रॉम्बोन ओठांवरून काढला आणि डावा हात वर केला. वाद्यं एकेक करून थांबली. आन्सेल्मोच्या हातातली घंटा सगळ्यांत शेवटी थांबली, आणि तिचा एकटा पडलेला ठोका तळघराच्या ओल्या भिंतींवरून थोडा वेळ फिरत राहिला.

"पुन्हा तिथेच," एरिबेर्तो म्हणाला.

कुठे ते त्याने सांगितलं नाही. कडवं संपून मोंतुनो सुरू होतो, गायक ओळ टाकतो आणि बाकीचे एकमुखाने तिला उत्तर देतात. त्या उंबरठ्यावर बोंगो वाजवणाऱ्याने, इथे आन्सेल्मोने, ते जोडढोल खाली ठेवायचे आणि गुरांच्या गळ्यात असते तशी लोखंडी घंटा उचलून काठीने वाजवायची असते. तिथून पुढे घंटा हाच बँडचा कणा. आणि नेमक्या त्याच उंबरठ्यावर आन्सेल्मो रोज अडखळत होता.

"काय पोन्सेवाले," तिंबालेसच्या ढोलांमागून मोंचोने विचारलं, "घंटा वाजवताय की शेळ्या हाकताय?"

"शेळ्या निदान तालात चालतात," गळ्याभोवती दोन मफलर गुंडाळलेला गायक एलादियो म्हणाला.

पोन्से गावाहून आलेला आन्सेल्मो हसला. उत्तर सुचलं नाही की तो हसायचा. त्यामुळे बँडमध्ये त्याला फार आनंदी माणूस समजत.

इमारतीचा बॉयलर हिवाळ्याच्या आधीच बंद पडला होता आणि घरमालकाने फॉक्स स्ट्रीटवर तोंड दाखवणं सोडलं होतं. सगळे ओव्हरकोट घालूनच वाजवत. भरदुपारीही तळघराच्या झरोक्यातून येणारा उजेड राखेच्या रंगाचा असे, कारण तो शेजारच्या जळून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या खिडक्यांतून गाळून येत असे. बँडचा आधीचा बोंगोवाला तावो त्याच इमारतीत जिवानिशी गेला होता, सप्टेंबरच्या आगीत. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला खाली आणून तो पुन्हा कशासाठी वर चढला, हे कुणालाच कळलं नाही.

घंटा तावोची होती. बँडमध्ये ज्याला गेलेल्याची खुर्ची मिळते त्याला घंटाही मिळते, अशी या लोकांची रीत. मुठीपाशी गुंडाळलेली पट्टी तावोच्या घामाने काळी पडली होती, आणि आन्सेल्मोची बोटं त्यावरच्या जुन्या खळग्यांत जाऊन बसत. त्याला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. आपण कुणाच्या तरी हातात हात दिला आहे आणि तो सुटत नाही, असं काहीतरी त्याला वाटे. तावोला त्याने कधी पाहिलं नव्हतं. फक्त ऐकून होता की त्याचा ठोका केसभर आधी पडायचा, घाईने नव्हे, दार उघडायच्या आत कडी वाजवणाऱ्या माणसासारखा; आणि त्या केसभराच्या ओढीनेच दोन ट्रॉम्बोनच्या या बँडचा आवाज इतका कडक, इतका धारदार व्हायचा.

तो कडकपणाच आता पणाला लागला होता. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला व्हायोलिन हवी होती. चंद्र, गुलाब, तुझे डोळे, असं काहीतरी.

"या गल्लीत चंद्र दिसतो तो जळक्या छपरातून," एरिबेर्तोने त्याला सांगितलं होतं. "त्याला ट्रॉम्बोनच शोभतो." माणूस हसला होता आणि म्हणाला होता, ठीक आहे, एक गाणं तुमच्या मनासारखं करून दाखवा, मग बघू. ते गाणं म्हणजे तावोने बांधलेलं हे शेवटचं.

"उद्या सकाळी रेकॉर्डिंग आहे," एरिबेर्तो आता आन्सेल्मोकडे न पाहता म्हणाला. "थोडं थांबू, मग एकदाच घेऊ. नाही जमलं तर ब्रुकलिनला फोन करतो. तिथे एक जण मोकळा आहे. राग मानू नकोस."

"नाही," आन्सेल्मो म्हणाला.

राग नव्हताच. भीती होती, आणि भीतीपेक्षा जुनी एक लाज. क्लावे म्हणजे तीन ठोके, मग दोन. एक हाक, एक उत्तर. ती दोन लाकडी दांडक्यांवर वाजवतात, पण मुरलेल्या बँडला ती वाजवावीही लागत नाही. चालताना, जिने उतरताना ती अंगात चालूच असते. तिच्या बाजू उलटल्या की उजव्या पायातला बूट डाव्यात घातल्यासारखं होतं. आन्सेल्मोच्या हातात क्लावे सरळ चालत होती आणि मोंतुनो लागताच ट्रॉम्बोन तिला आडवे येत होते. पण बाकी सगळे चुकत आहेत आणि आपण एकटे बरोबर आहोत, असं मानणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या, बॉयलरची वाफ वर नेणाऱ्या उभ्या पाइपमधून आवाज आला. तीन ठोके. वरून.

 आणि मग, अगदी हलके, दोन. हे मात्र वरून आले नव्हते. कुठून आले ते आन्सेल्मोला कळेना. त्याने वळून पाहिलं. मोंचो तिंबालेसचा स्क्रू आवळत होता, एलादियो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्यांनी ऐकलं नव्हतं, की ऐकून न ऐकल्यासारखं करण्याची त्यांना सवय झाली होती, हे त्या चेहऱ्यांवरून ओळखता येत नव्हतं.

"दोन्या ओर्तेन्सिया जेवायला बोलावतायत," एरिबेर्तो म्हणाला. "तू जा वर. सांग, आज नको."

"मी?"

"तुझा चेहरा बघून त्यांना काही आठवत नाही. आमचा बघून आठवतं."

*

साऱ्या इमारतीत राहतं घर ते एकच उरलं होतं. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात ओव्हन पेटवून त्याचं झाकण उबेसाठी खाली पाडलेलं होतं, आणि सगळे ज्यांना आदराने दोन्या म्हणत त्या तावोच्या आई, ओर्तेन्सिया, तुरीचे दाणे घातलेला भात मोठ्या पातेल्यात खालीवर करत होत्या. चुलीमागून तोच पाइप वर गेला होता. त्याला दोरीने एक जाड चमचा टांगला होता. भिंतीशी दोरखंडाने आवळलेली पेटी उभी होती. शनिवारी त्या हे घर कायमचं सोडून बायामोन गावी, लेकीकडे जाणार होत्या.

"ये, पोरा," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तू उत्तर देतोस ते फार बरं करतोस. बाकीच्यांनी सोडूनच दिलं."

आन्सेल्मो चौकटीत उभा राहिला. मी नाही दिलं, हे शब्द त्याच्या जिभेपर्यंत आले आणि तिथेच बसून राहिले.

"तावो एवढासा होता तेव्हापासून," त्या सांगत होत्या. "मी तीन ठोके द्यायचे, जेवायला ये. तो खालून दोन देणार, आलो. आलो म्हणायचा आणि तासभर यायचा नाही, गधडा. भात करपायचा." त्या हसल्या. "ते गाणंही तसंच बांधलं त्याने. सगळे एकदम गप्प होतात, नुसती शांतता, आणि त्यात ह्याचे दोन ठोके. मग कोरस. मी म्हटलं, अरे, आईची हाक विकतोस, तर आईला वाटा तरी दे."

"शांतता?" आन्सेल्मोने विचारलं. "कोरसच्या आधी?"

"रोज वाजवतोस आणि मला विचारतोस?"

"आता तशी शांतता नाहीये त्यात."

त्यांचा हात थांबला. "मग काय आहे?"

"काही नाही. कडवं संपतं आणि लगेच कोरस."

"एरिबेर्तो," त्या म्हणाल्या. फुटलेली वस्तू पलंगाखाली लपवलेल्या मुलाचं नाव आई जसं घेते, तसं त्यांनी ते घेतलं.

आन्सेल्मोची बोटं मांडीवर आपोआप चालू लागली होती. तीन. दोन. तीन. आणि मग त्याला ती जागा दिसली. पाहुणे आल्यावर खुर्ची हलवली की जमिनीवर उरणारी फिकट चौकट दिसावी तशी. उत्तर कुणीतरी गाळलं होतं. हाक जाऊन थेट हाकेला भिडत होती. त्यानंतरचं सारं गाणं उलट्या बाजूवर उभं होतं, आणि एकट्या या घंटेला ते मान्य नव्हतं.

"ते म्हणाले, आज जेवण नको," निरोप त्याला उशिरा आठवला.

"नको कसं? मीच येते खाली. आज सगळ्यांकडे नीट बघते एकदा. तू हो पुढे."

*

"कोरसच्या आधी एक जागा रिकामी होती," तळघरात परतल्यावर आन्सेल्मो म्हणाला.

मोंचोने कांड्या मांडीवर ठेवल्या. "कोण म्हणालं?"

"दोन्या."

एरिबेर्तो ट्रॉम्बोनचं तोंड शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

"तो गेल्यावर पहिल्यांदा बसलो," शेवटी तो म्हणाला, "आणि त्या जागेवर आलो. थांबलो सगळे, ठरल्याप्रमाणे. आणि मग कुणाला पुढे जाताच येईना. एलादियो जिना चढून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी तेवढा तुकडा काढून टाकला. म्हटलं, एका श्वासाचा तर आहे."

"त्यामुळे उलटलंय," आन्सेल्मो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला अनोळखी वाटला. "पुढचं सगळं."

एरिबेर्तोचं बोट ट्रॉम्बोनच्या नळीवर वाजू लागलं. तीन, दोन, तीन. मग ते अडलं, आणि तो डोळे मिटून बसला. मोंचोने गुडघ्यावर तेच करून पाहिलं.

"अरे देवा," मोंचो हळूच म्हणाला. "आम्ही उलटे बूट घालून नाचतोय आणि ओरडतोय ह्याच्यावर." मग आन्सेल्मोकडे वळून, "तुला तोंड आहे की नाही रे?"

"ते दोन ठोके वाजवशील?" एरिबेर्तोने विचारलं.

आन्सेल्मोने घंटेकडे पाहिलं. "ते माझे नाहीत. जागा तेवढी ठेवू या."

जिन्यावर पावलं वाजली. दोन्या ओर्तेन्सिया दोन्ही हातांनी पातेलं धरून, खांद्याला ताटल्यांची पिशवी अडकवून, एकेक पायरी सावकाश उतरत आल्या. एलादियो उठायला लागला तशी त्यांनी हनुवटीनेच त्याला बसवलं.

"आधी वाजवा," त्या म्हणाल्या. "भात कुठे पळत नाही."

एरिबेर्तोने मान हलवली, आणि दोन्ही ट्रॉम्बोन एकदम आले, दाराला खांदा मारून आत शिरणाऱ्या माणसांसारखे. झरोक्याची काच थरथरली. एलादियोने कडवं उचललं. त्याच्या आवाजात आज नेहमीची ऐट नव्हती. रस्त्यावरून घराकडे हाक मारावी तसा तो गात होता. आन्सेल्मोने बोंगो खाली ठेवले, घंटा उचलली, छातीशी धरली. काठीचा हात गुडघ्यावर ठेवला.

कडवं संपलं आणि सगळे थांबले.

त्या शांततेत आन्सेल्मोला जळक्या इमारतीतला वारा ऐकू आला. जिन्याच्या तळाशी दोन्या उभ्या होत्या, पातेल्याच्या दोन्ही कड्यांना दोन्ही हात. वरचं घर रिकामं होतं. सगळी इमारत रिकामी होती.

पाइपमधून दोन ठोके आले. स्वच्छ, कडक, केसभर आधी.

आणि कोरस सुरू झाला, कारण तो न होणं शक्यच नव्हतं. आन्सेल्मोचा हात खाली आला तो नेमका जिथे यायला हवा होता तिथे; ट्रॉम्बोन त्याला आडवे आले नाहीत, त्याच्या खांद्याला खांदा लावून चालू लागले. घंटेवरच्या खळग्यांतून काहीतरी त्याला किंचित पुढे ओढत होतं, आणि आज त्याने हात मागे घेतला नाही. कुणी वाजवायचं थांबलं नाही. थांबलं असतं तर कुणाला तरी काही बोलावं लागलं असतं. गाणं ठरल्यापेक्षा कितीतरी लांबलं.

शेवटी ते संपलं तेव्हा प्रत्येकाच्या तोंडासमोर श्वासाची वाफ होती. मोंचोने हात लांब करून पाइपला लावला आणि चटकन मागे घेतला.

"थंडगार आहे," तो म्हणाला. "वाफ नाही काही त्यात."



"उद्या असंच," एरिबेर्तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "ब्रुकलिनला फोन नको करायला."

दोन्या ओर्तेन्सियांनी पातेलं बासच्या पेटीवर टेकवलं. पिशवीतून ताटल्या काढल्या, एकेक एप्रनला पुसून घेतली आणि वाढायला सुरुवात केली. त्यांचा हात स्थिर होता. मोंचो घसा खाकरून म्हणाला, "शनिवारी किती वाजता निघायचं, दोन्या? पेटी उतरवायला आम्ही येतो."

"बघू," त्या म्हणाल्या.

आन्सेल्मोची ताटली त्यांनी शेवटी भरली. ती हातात देताना त्या त्याच्या हातांकडे बघत राहिल्या, एकात घंटा, एकात काठी.

"म्हणजे तू नव्हतास."

आन्सेल्मोने नकारार्थी मान हलवली.

"रोज उत्तर देणाराही?"

त्याने पुन्हा तशीच मान हलवली.

"बरं," दोन्या ओर्तेन्सिया म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवीतून आणखी एक ताटली काढून पाइपाजवळ मांडली.