दाराजवळची खुर्ची

बाळाला खांद्यावर टाकून ती डॉक्टरांकडच्या बसायच्या खोलीत शिरली आणि संडासाचं दार कुठे आहे ते तिने आधी पाहून घेतलं. दार डाव्या कोपऱ्यात होतं. त्याला लागून असलेली खुर्ची सासूबाईंनी केव्हाच पटकावली होती आणि शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरली होती.

"बस," पिशवी उचलत त्या म्हणाल्या.

सासूबाई कुठेही गेल्या तरी दाराजवळच बसत. लग्नकार्यात जेवणाआधीच काढता पाय घेत. नातेवाईक त्यांना शिष्ट म्हणत. मुलगा 'आमची पहारेकरीण' म्हणून चिडवी. एके काळी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. "आईने माझ्यासाठी चांगली नोकरी सोडली," हे मुलाचं लाडकं वाक्य. हल्ली ते तो बायकोकडे बघून म्हणे.

सहा आठवड्यांपूर्वी बाळ अडलं, त्याचे ठोके मंदावले, तेव्हा डॉक्टरांनी चिमटा लावून त्याला ओढून काढलं. गालांवरचे लाल वळ आठवड्याभरात गेले. नॉर्मल झाली, पोट कापावं लागलं नाही, म्हणून घरात आनंदीआनंद. तिच्या टाक्यांची चौकशी कुणी केली नाही. केली असती तरी ती काय सांगणार होती? जिना चढताना वारा सुटतो, आणि दोनदा तर शी झालेलीही कळली नाही, असं? पहिल्या आठवड्यात तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता काहीच वाटत नव्हतं. कपडे धुवायचे, वाळत घालायचे, बाळाला पाजायचं.

महिन्याभराने शाळा. समोर चाळीस मुलं आणि पाऊण तासाचा एकेक तास. तिच्या पर्समध्ये राजीनामा लिहून तयार होता. कारण, 'बाळाचे संगोपन'.

दोघी आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी आधी बाळाचं डोकं चाचपलं. बाळाने भोकाड पसरलं, तेव्हा त्याचे दोन्ही डोळे नीट मिटतात का, तोंड एकाच बाजूला जात नाही ना, हे पाहिलं.

"ठणठणीत आहे. चिमट्याची खूणसुद्धा नाही."

मग त्या तिच्याकडे वळल्या.

"लघवी, शी, वारा... अडवता येतं ना?"

"हो."

"नक्की?"

"हो."

डॉक्टरांचं पेन कागदाकडे गेलं.

"नाही येत," मागून सासूबाई म्हणाल्या.

तिने मान वळवली नाही. बाळाचं टोपडं सरळच होतं, तरी ते पुन्हा सरळ केलं.

"त्या तर येतं म्हणतायत," डॉक्टर म्हणाल्या.

"मीही असंच सांगितलं होतं. या बाळाच्या बापाच्या वेळी. तेव्हाही चिमटाच लावला होता." सासूबाई पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या. "बत्तीस वर्षं दाराशी बसतेय मी. आणि नोकरी काही मुलासाठी नव्हती सोडली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"कधीकधी चिमट्याने आतला स्नायू फाटतो. टाके घातले तरी पूर्ण जुळून येतोच असं नाही. पण यावर इलाज आहे. व्यायाम असतात, गरज पडली तर ऑपरेशन. लपवून मात्र बरं होत नाही."

तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिने नुसतं 'हं' केलं. डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी लिहून दिली, ती तिने पर्समध्ये राजीनाम्याच्या वर ठेवली. मग राजीनामा बाहेर काढला, घडीवर घडी घातली आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकला.

सासूबाई पिशवी घेऊन उठल्या. तिने बाळ त्यांच्या हातात दिलं, त्यामुळे त्यांना निघता येईना.

"आई, बसा," ती म्हणाली. "डॉक्टर, यांचाही कागद करा."

"अगं, माझं आता काय..."

"वय?" कोरा कागद पुढे ओढत डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं.

"अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.