कुंकवाखालचा जोड

फटफटीवर ओझं दोन चाकांच्या मध्ये ठेवायचं असतं. मागच्या चाकाच्याही मागं लटकवलं, की खड्ड्यागणिक ते सीटखालच्या सांगाड्याला हिसके देतं आणि शेवटी लोखंड तुटतं. ही गोष्ट मी बुलडाण्यात इतक्या जणांना सांगितली, की माणसं मला पाहून रस्ता बदलायची. बदलू देत. मलकापूर स्टेशनवर उतरलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे राजूरचा घाट चढवून रोज मीच आणत होतो, ते नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. गावात फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या. माझी जुनीच विकत घेतलेली, पण तिच्यावर माझा जीव होता. अर्धे गठ्ठे टाकीवर, अर्धे माझ्या पाठीला चिकटून. दर रविवारी फडकं घेऊन एकेक नळी पुसायची, कुठं चीर पडली का ते पाहायचं.

तरी दसऱ्याच्या आधी मी ती नीळकंठला दिली. नीळकंठ म्हणजे माझ्या बायकोचा, शैलजाचा, एकुलता एक भाऊ. मलकापुरात तो ढेप विकायचा, गुरांना घालतात ती सरकीची पेंड. त्याला खामगावकडं मुलगी पाहायला जायचं होतं. फटफटीवर गेलं की छाप पडते म्हणे. शैलजानं शब्द टाकला म्हणून मी तयार झालो.

"मांगं ढेपेचं पोतं टाकशीन तर याद राख," मी दम भरला.

"काय भाऊजी! पोरगी पाह्याले चाललो, बजाराले नाही," तो हसला.

परत आणली ती धुऊन-पुसून, मागचा सगळा भाग नव्या काळ्या रंगानं रंगवून. "दसरा हाय ना भाऊजी, म्हटलं आपल्याकून एवढं." मला अगदी भरून आलं. मी किती गाढव असावं!

दसऱ्याला शैलजानं गाडीची पूजा केली. टाकीवर स्वस्तिक काढलं, दिव्याला झेंडूचा हार घातला, आणि मग वाकून सीटखालच्या नळीवर ओल्या हळदीकुंकवाचा जाड पट्टा ओढला. तिथं कोण कुंकू लावतं? पण मला तिचं कौतुकच वाटलं. पूजेचं कुंकू आपल्याकडं कुणी पुसून काढत नाही, झडेल तेव्हा आपोआप झडेल. रविवारी मी सगळी गाडी पुसली आणि तेवढी जागा सोडली.

मग देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेला निघालो. शैलजा माझ्यामागं बसणार आणि आई यष्टीनं येणार, असं ठरलं होतं. आई म्हणजे मनकर्णाबाई, साठी उलटलेली, मूठभर जीव. ऐन वेळी शैलजा आईला म्हणाली, "आत्याबाई, आज तुम्ही बसा. मी यष्टीनं येतो."

"मी वं? फटफटीवर?" आई लाजली. पण नाही नाही म्हणत पदर खोचून बसलीसुद्धा.

वाटेत तिचं तोंड बंद नव्हतं. "हळू बे उद्धव!" म्हणायची, आणि मी खरंच हळू केली की, "पळू दे, पळू दे, लोकं पाह्यतेत!" मला हसू आवरेना.

चिखलीच्या पुढं एका मोरीपाशी चाक खड्ड्यात गेलं. मागून कट्‌कन आवाज आला, सीट खाली बसली, आणि आईचा माझ्या खांद्यावरचा हात सुटला. ती रस्त्यावर पडली ती उठलीच नाही. खुबा मोडला होता. बैलगाडीत घालून तिला चिखलीच्या दवाखान्यात नेलं. मागून येणाऱ्या यष्टीतून शैलजानं आम्हाला पाहिलं आणि तीही रडतच उतरली. मोडकी फटफटी दुसऱ्या गाडीतून आली.

डॉक्टर आईला पाहत होते तोवर मी आवारात फटफटीजवळ गेलो. तुटलेल्या नळीवरचं ते कुंकू अंगठ्यानं खरवडलं. खाली काळा रंग, आणि रंगाखाली वेल्डिंगचा ओबडधोबड जोड. तोच उकलला होता.

शैलजा मागं येऊन उभी होती. "नीळकंठनं ढेप लादली होती," मी म्हणालो.

ती "काय?" म्हणाली नाही. "तुम्हाले कोनं सांगतलं?" असंही नाही.

"तुले मालूम होतं."

"हाव," ती म्हणाली. "तुम्ही त्याले पुन्हा घराची पायरी चढू देली नसती. एकच भाऊ हाय मले."

"म्हून तू बसली नाही?"

"मले भेव वाटलं. आत्याबाई हलक्या हायेत. वाटलं, निभन."

वाटलं, निभन! म्हणजे हिनं मनातल्या मनात माझ्या आईचं वजन करून पाहिलं होतं.

"आन् मी? मी त रोज घाटातून जाऊन राह्यलो होतो तिच्यावर."

ती पुन्हा रडायला लागली. नीळकंठचा मला राग आला, पण राग त्याच्यासारख्यावर काढता येतो. हिनं मात्र रोज माझी भाकरी बांधली, दारात उभी राहून "सांभाळून जा" म्हणाली, आणि मी गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत गप्प राहिली. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. तिला तशीच सोडून मी आत आईकडं गेलो. तिला सगळं सांगूनच टाकायचं ठरवलं होतं.

आई कण्हत होती. मी तोंड उघडायच्या आत तिनं माझा हात धरला.

"शैलजाले बोलू नको बे," ती म्हणाली. "रडून रडून कशी झाली पोरगी. तुले इतक्या वर्सात नाही सुचलं मले फटफटीवर बसवाचं. तिलेच सुचलं."