बाकी सगळा गहू

मी कळणा बोलतोय. हसू नका! ज्वारी आणि उडीद एकत्र दळले की जे पीठ होतं, त्याचं नाव मी. खानदेशात घरोघरी माझी भाकरी थापतात. पण मला दुसरा अर्थ मिळाला तो धुळ्यात, आतिफच्या शिलाईच्या दुकानात.

आतिफचा जीव रूपचंदवर जडला होता आणि रूपचंदचा आतिफवर. दोन पुरुषांचं प्रेम, चारचौघांत बोलायचं कसं? एकदा डबा खाताना रूपचंद म्हणाला, "आपण दोघं कळण्याचे. बाकी सगळा गहू." झालं! तेव्हापासून त्यांच्यासारखा कुणी भेटला की तो 'कळण्याचा'. आणि गिऱ्हाईक दुकानात शिरलं की "गहू आला", म्हणजे गप्प बसा. असा मिरवायचो मी त्यांच्या तोंडी, काय सांगू!

मग भडगावहून रूपचंदच्या आईनं, भिकुबाईनं, दोघांना जेवायला बोलावलं. ताटं वाढून झाल्यावर ती आतिफला म्हणाली, "तू त्याना जीवना दोस्त शे. तूच सांग त्याले, लगीन करी ले."

आतिफचा घास हातातच राहिला. रूपचंद कसनुसा हसून म्हणाला, "आतिफ, आठे बठ्ठा गहू शे." इथं सगळा गहू, म्हणजे सांभाळून बोल, एवढंच त्याला सांगायचं होतं.

"गहू? आरे, तुमनाकरता मुद्दाम कळणानी भाकर करी ना मी!" म्हातारी हिरमुसली.

इतकी माया होती हो तिच्या बोलण्यात. आतिफला तिचं मन मोडवेना. मान खाली घालून तो म्हणाला, "रूपचंदभाऊ, आईचं ऐक." आजवर त्यानं त्याला कधी भाऊ म्हटलं नव्हतं.

रूपचंदनं ऐकलं. नवरी जामनेरची, दिपमाला. गुणी पोर, तिचा काय दोष? ह्याला कळणा फार आवडतो, असं सासूनं सांगून ठेवलेलं, म्हणून ती रोज हौसेनं माझी भाकरी थापायची. तिकडे आतिफनं रूपचंदचा फोन घेणं सोडलं.

परवा तिनं गरम भाकरीवर तेल घालून ताट पुढं केलं. रूपचंद ताट सरकवून म्हणाला, "उद्यापासून गव्हाची पोळी कर."

"का हो? मीठ कमी पडलं?"

"नाही. कळणा नको आता."

डब्यातलं पीठ तिनं शेजारी देऊन टाकलं. पिठाचं काही नाही, त्याला कुठलीही चूल चालते. माझ्या त्या दुसऱ्या अर्थानं मात्र कुठं जावं? तुमच्या घरात कुणी असं आडून बोलत असेल, तर त्याला जवळ बसवून विचारा हो. भिकुबाई काही वाईट नव्हती. तिला कुणी सांगितलंच नाही. तिला मी भाकरीपुरताच कळलो.