पडद्याच्या कडेपर्यंत

आमचे बाबा शब्द मोजूनमापून वापरायचे. त्यामुळे त्यांचं उत्तर वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. फक्त राग आला, आणि तो चांगला मुरला.

ते मुख्य कचेरीत स्टोअर्सला होते, मी त्याच कंपनीच्या दूरच्या शाखेत. आमच्याकडे नवे कॉम्प्युटर आले होते, ईमेल होतं. बाबांच्या टेबलावर मात्र तळघरातल्या मोठ्या मशीनला जोडलेलं जुनं टर्मिनल, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. दोन्हीकडचे निरोप एकमेकांना पोचतात, असं कॉम्प्युटर विभागाने छातीठोकपणे सांगितलं होतं. घरच्या फोनवर नवऱ्याचा पहारा, म्हणून मी ऑफिसातूनच लिहिलं, इंग्रजी अक्षरांत मराठी: ‘बाबा, तुम्ही आणि आई कसे आहात? माझी बदली झाली, नवं ऑफिस बरं आहे, पण घरी रोज मार खाते, आता सहन होत नाही, मी कायमची परत येऊ का?’

उत्तर आलं: ‘आम्ही बरे. नव्या जागी जीव रमव.’

म्हणजे लेक दिली, विषय संपला. मग मीही माहेरची पायरी चढले नाही. वर्षाच्या आत बाबा अचानक गेले. तेव्हा मी माहेरी गेले, पण पाहुणीसारखी कोपऱ्यात बसले आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. नवऱ्याला सोडलं ते त्यानंतर, एकटीने.

पुढे जुनं मशीन बंद करायचं ठरलं. बाबांचे त्यावरचे जुने निरोप हवे असतील तर घेऊन जा, असं त्यांच्या शेजारी बसणाऱ्या टायपिस्ट मावशींनी कळवलं. आईने लकडा लावला म्हणून गेले.

मावशींनी पडद्यावर माझा निरोप काढला. एकच ओळ होती. ‘...नवं ऑफिस बरं आहे, पण’. पुढे काहीच नाही.

“बाकीचं कुठे गेलं?” मी विचारलं.

“बाकीचं होतं?” मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. “अगं, तुम्ही नव्या मशीनवाले एंटर न दाबता लिहीत सुटता. इथे ओळ पडद्याच्या कडेपर्यंतच मावते, पुढचं गळून जातं. आम्हाला कळलं तेव्हा तुझे बाबा जाऊन बरेच दिवस झाले होते. आणि कॉम्प्युटरवाले आम्हालाच शहाणपणा शिकवत होते, आमच्याकडे तर सगळं नीट दिसतं म्हणून.”

“बाबांना शंका आली नाही?”

“आधी नाही. कौतुकाने सगळ्यांना दाखवत होते, बघा, पोरीला वाक्य पुरं करायलाही सवड नाही. नंतर मात्र त्या ‘पण’ने त्यांच्या जिवाला घोर लावला. तुझ्या घरी फोन केला, तर जावयांनी उचलला, सगळं उत्तम आहे म्हणाले. मग मला म्हणायचे, असलं ऑफिसच्या मशीनवर कसं विचारायचं, आता घरी आली की विचारीन.”

मी बाबांच्या खुर्चीत बसले. ज्या माणसावर मी दात धरून होते, तो मला विचारायचं म्हणून वाट बघत होता. आणि मी रागाने त्याच्या दारात गेले नव्हते. आजवर न आलेलं रडू आता आवरेना.

मावशींनी मला रडू दिलं. मग हळूच म्हणाल्या, “काय होतं गं पुढे?”

“मी घरी येऊ का, असं विचारलं होतं.”

“वेडे,” मावशी म्हणाल्या, “हे काय विचारायचं असतं?”