पडद्यावरची पाखरे आणि मी

मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्ही उचलून थेट केराच्या टोपलीत टाकाल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी पुठ्ठ्याची एक चौकट आहे. चार पट्ट्या आणि मधे मोकळी जागा, एवढाच माझा संसार. माझे कोपरे दुमडले आहेत. अंगावर निळ्या खडूचे इतके डाग आहेत की मूळ रंग आता मलाही आठवत नाही.

एके काळी मी बुटांच्या खोक्याचे झाकण होते. ते खोके टाचणीबाईंच्या घरी आले आणि माझे नशीब पालटले. तोंडात कायम दोन-चार टाचण्या धरून बोलायची बाईंची सवय, म्हणून साऱ्या गल्लीने त्यांना ते नाव दिले होते. जिन्याखालच्या अरुंद खोलीत त्यांचे शिलाई मशीन होते. पँट आखूड करणे, चेन बदलणे, उसवलेले शिवणे ही त्यांची पोटाची कामे. दुपारी वर्दळ कमी झाली की त्या उरलेल्या छापील कापडांच्या गोधड्या शिवत. ते काम मात्र जिवाचे.

गोधडीसाठी पुष्कळ जण कापड हाताला येईल तसे कापतात. मग कुठे अर्धे फूल येते, कुठे हत्तीची नुसती शेपूट. बाईंना ते खपत नसे. म्हणून त्यांनी ब्लेडने झाकण कापून मला घडवले. त्या मला कापडावर ठेवत आणि हळूहळू सरकवत. फूल माझ्या खिडकीत बरोब्बर मधोमध आले की आतून एक रेघ, बाहेरून एक रेघ. आतल्या रेघेवर शिवण, बाहेरच्या रेघेवर कात्री. माझी पट्टी पाव इंच रुंद, कारण शिवणीत तेवढेच कापड जाते. असे चौकोन काढून झाले की मागे उरलेले कापड उंदरांनी मेजवानी केल्यासारखे दिसे.

"बाई, निम्मं कापड वाया घालवलंत," शेजारचा इस्त्रीवाला म्हणे.

"वाया तुमच्याकडे जातं, जळून," बाई टाचण्यांआडून म्हणत. "माझं फूल बघा, कसं समोर बघतंय."

माझ्या खिडकीतून किती फुले, मासे, छत्र्या, होड्या गेल्या याची गणतीच नाही. लोक गोधडीचे कौतुक करत. माझे कोणी करत नसे. पण काम संपले की बाई मला झटकून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत, आणि मला तेवढे पुरे होते.

एके दिवशी दारात एक तरुण मुलगी येऊन उभी राहिली. ती बाईंची भाची होती, त्यांच्या धाकट्या बहिणीची लेक. तिला सातवा महिना लागला होता.

"मावशी, बाळाला गोधडी करशील? आईला सांगितलं नाहीये मी. पण मला तुझ्याच हातची हवी."

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. दोघी बहिणींचे अकरा वर्षे बोलणे नव्हते.

"करते," एवढेच त्या म्हणाल्या.

भाची गेल्यावर त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून एक जुना पडदा काढला. काम करताना स्वतःशी बोलायची त्यांची सवय. त्यातूनच मला सारी हकिकत कळली. दोघी लहानपणी ज्या खोलीत झोपत, तिथल्या खिडकीचा तो पडदा होता. हिरव्या पानांत लांब शेपटीची निळी पाखरे. एक दाणे टिपणारे, एक चोच उघडून गाणारे आणि एक मान वळवून मागे पाहणारे. गाणारे बाईंचे आणि मागे पाहणारे धाकटीचे, अशी त्यांची वाटणी ठरलेली होती. आई गेल्यावर बाईंनी कोणाला न विचारता पडदा उतरवून नेला. धाकटी म्हणाली, मला अर्धा दे. बाई म्हणाल्या, मधोमध कापला तर पाखरे तुटतील. शब्दाने शब्द वाढला, आणि मग शब्दच संपले.

आता बाईंनी त्याच पडद्यावर मला ठेवले. बारा पाखरांची गोधडी करायची होती. पण पाखराची शेपटी माझ्या खिडकीत मावेना. बाईंनी ब्लेड घेतले, माझ्या चारही पट्ट्या मधोमध कापल्या आणि मधे पुठ्ठ्याचे तुकडे जोडून त्या लांब केल्या. मला दुखले नाही असे मी म्हणणार नाही. पण खिडकी मोठी झाली आणि तिच्यात अख्खे पाखरू दिसले, तेव्हा मी सारे विसरले.

उन्हाने पडदा जागोजागी विटला होता. बाई एकेक पाखरू निरखून निवडत होत्या. अकरा पाखरे सुखरूप निघाली. बारावे होते मागे पाहणारे. त्या जातीची बाकी सगळी उन्हाने पुसट झाली होती. चुणीच्या आत राहून उन्हापासून वाचलेले तेवढे एकच चांगले होते. बाईंनी मला त्यावर ठेवले, रेघा ओढल्या आणि कापड जरा ताणून धरले. ट्रंकेतल्या घडीवर जीर्ण झालेले ते कापड टर्रकन फाटले, पाखराच्या मानेतूनच.

बाई खाली बसल्या.  मला वाटले, आता दुसरे, पुसट पाखरू घेतील आणि काम उरकतील. कोणाला कळले असते? पण त्या उठल्या आणि त्यांनी फोन लावला.

"मी बोलतेय. तुझं पाखरू फाटलं गं माझ्या हातून."

 पलीकडून प्रश्न आला, "कुठून?"

"मानेत."

"कात्री लावू नकोस आता. येते मी."

धाकटी एका लाँड्रीत रफूचे काम करत असे. तासाभरात ती आली. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. चपला काढल्या आणि म्हणाली, "दाखव."

तिने फाटलेली जागा बोटाने चाचपली. मग टेबलावर पडलेला, भोकाभोकांचा पडदा उचलला. "ही चाळण टाकू नकोस. यातलेच दोरे लागतील मला."

तिने त्या चाळणीतून निळे दोरे एकेक करून उपसले आणि सुईत ओवले. मग एक वर, एक खाली, असे ती ते विणत राहिली. बाई शेजारी बसून बघत होत्या.

"तू मागितला असतास तर दिला असता गं मी," त्या हळूच म्हणाल्या.

"मागितला होता." धाकटीची सुई थांबली नाही.

 बाई म्हणाल्या, "हो. मागितला होतास. आणि मी म्हटलं, तुला कापडातलं काय कळतं."

"ते लागलं मला, ताई. पडद्याचं एवढं नव्हतं."

"चुकलं माझं."

धाकटीने दोरा तोडला आणि तुकडा बहिणीच्या हातात दिला. बाईंनी चष्मा लावला, तुकडा उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. पाखराच्या मानेभोवती दोऱ्याची बारीकशी कंठी तेवढी दिसत होती.

"चहा टाकू?" बाईंनी विचारले. 

"टाक. साखर कमी, मला डॉक्टरनं सांगितलंय."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

बाईंनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

गोधडी झाली. बाळ झाले, मुलगी. ती गोधडीवर दूध सांडते, गोधडी फरफटत नेते, आणि कंठीवाल्या पाखराची चोच तिने चोखून पार पांढरी केली आहे. बाईंचा जीव वर-खाली होतो. "नीट घडी करून ठेवा ना ती, खराब होईल," असे त्या एकदा म्हणाल्या. तर धाकटी म्हणाली, "वापरू दे. ट्रंकेत ठेवून काय मिळवलं आपण?"

मित्रांनो, मी पुठ्ठ्याची आहे. मला उपदेश शोभत नाही. पण एक सांगते. वस्तू बंद करून ठेवणे म्हणजे तिला जपणे नव्हे. ती वापरा, फाटली तर सांधा, आणि सांधता येत नसेल तर ज्याला येते त्याला बोलवा, मग त्याच्याशी तुमचे बोलणे असो वा नसो.

माझ्या कडा आता झिजल्या आहेत. माझ्यावरून आखलेला चौकोन एखाद्या दोऱ्याने तिरका येतो. बाईंनी आता पारदर्शक प्लास्टिकची चौकट आणली आहे आणि त्या तीच वापरतात. मी मात्र धाकटीकडे आहे. रविवारी दुपारी ती मला घेऊन बाईंकडे गोधडी शिकायला येते, मला कापडावर ठेवते आणि एकदा इकडे सरकवते, एकदा तिकडे. एका फुलासाठी पाव तास लावते. बाईंचे तेवढ्या वेळात तीन चौकोन कापून होतात. मग त्या कात्री खाली ठेवतात आणि काही न बोलता तिचे फूल मधोमध येण्याची वाट पाहतात.